खुर, शिंग आणि रवंथ: गोठ्यातली आणि माळावरची जनावरं ओळखायला नवीन असाल तर इथून सुरू करा

हिवाळा लागला, ज्वारी गुडघ्याला आली की दरवर्षी गावाकडच्या ग्रुपवर रोह्यांच्या (म्हणजे नीलगाईंच्या) कळपाचे व्हिडिओ फिरायला लागतात आणि खाली तीच भांडणं सुरू होतात. एकजण म्हणतो ही गायच आहे, दुसरा म्हणतो घोड्याची जात आहे, तिसरा म्हणतो हरिण. कुणी चितळाचा फोटो टाकून काळवीट म्हणून फॉरवर्ड करतं. कृषी नाहीतर पशुवैद्यकीयला नवीन लागलेली पोरं, गावात शेळीपालन सुरू केलेले, किंवा नुसतंच माळावर दुर्बीण घेऊन हिंडायची हौस असलेले, सगळ्यांना उपयोगी पडेल असं हे लिहितोय. पुस्तकात प्राण्यांची लॅटिन नावं पहिल्या पानावर देतात आणि माणूस तिथंच गार होतो, म्हणून आपण नावं शेवटाकडं घेऊ, आधी जनावराकडं बघू.

पहिलं, पाय बघा

तोंडाकडं नंतर बघा, आधी खाली बघा. खूर एक आहे की दुभंगलेला? बैलाला पत्री मारताना कधी उभं राहून बघितलंय का? दोरानं बैल खाली पाडतात, पाय बांधतात, आणि एकाच पायाला दोन वेगवेगळ्या पत्र्या ठोकतात, कारण बैलाच्या पायात दोन खूर असतात, आतला आणि बाहेरचा, आणि चालताना ते एकमेकांपासून थोडे फाकतात. घोड्याला मात्र एका पायाला एकच गोल नाल. वर्गीकरणातली पहिली मोठी फाळणी हीच. घोडा, गाढव, गेंडा ही विषम खुरांची, वजन मधल्या बोटावर. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, हरिण, उंट, डुक्कर ही सम खुरांची, वजन तिसऱ्या आणि चौथ्या बोटावर. मागच्या बाजूला थोडं वर दोन छोटी खुरटी नखं दिसतात ना, ती दुसऱ्या आणि पाचव्या बोटाची उरलेली खूण. अंगठा तर कधीच गेला.

ह्याचा सराव करायला सगळ्यात भारी जागा म्हणजे लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल सगळं एकाच मैदानात. तिथं एक तास फक्त पायाकडं बघत हिंडा, लोक येडं म्हणतील, म्हणू द्या. आणि उंट नीट बघा, कारण तो फसवतो: बोटं दोनच, पण खाली खुराऐवजी मऊ गादी, रवंथ पण करतो, तरी तो गाईच्या कुटुंबातला नाही, त्याचं घर वेगळं.

जाता जाता एक गंमत. डीएनए तपासल्यावर कळलं की देवमासे ह्याच सम खुरांच्या गटातून निघालेत आणि त्यांचा आजचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे. म्हणजे नात्यानं बघितलं तर गोठ्यातली म्हैस घोड्यापेक्षा देवमाशाला जवळची. पटत नाही, पण आहे तसं.

दुसरं, शिंग बघा आणि इथं घाई करू नका

सगळा घोळ इथंच होतो म्हणून ह्यावर जरा जास्त लिहितो.

आपल्याकडं दोन प्रकारची डोकी दिसतात. एक गाय-काळवीट टाइप, दुसरं चितळ-सांबर टाइप. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, रोही, काळवीट, चिंकारा, चौसिंगा ह्या सगळ्यांच्या शिंगात आत कवटीतून निघालेलं हाड असतं आणि त्यावर केराटिनची, म्हणजे आपल्या नखाच्याच द्रव्याची, पोकळ खोळ चढलेली असते. हे शिंग जन्मभर टिकतं, वाढत राहतं, त्याला फांद्या कधीही फुटत नाहीत आणि ते गळत नाही. मोडलं तर मोडलं.

चितळ, सांबर, भेकर ह्यांचं उलटं. त्यांचं शिंग म्हणजे नुसतं हाड, त्याला फांद्या फुटतात, वाढताना वर मखमली कातडं असतं, वाढ पुरी झाली की नर ते झाडाला घासून काढतो, आणि नंतर शिंगच गळून पडतं, परत नवीन येतं. आणि ते फक्त नरालाच (उत्तरेकडच्या बर्फातलं रेनडिअर सोडलं तर, तिथं मादीला पण असतं). त्यामुळं नियम सोपा आहे: फांदी दिसली की ते मृग कुटुंब, फांदी नाही आणि सरळ, वाकडं किंवा पिळाचं शिंग आहे तर ते गाईचं कुटुंब. भेकराच्या शिंगाला फांदी अगदीच छोटी असते, तिथं जरा डोळे ताणायचे. काळविटाला आपण सर्रास हरिण म्हणतो, त्यात काही बिघडत नाही, पण कुटुंब विचाराल तर तो चितळाचा नाही, शेळीचा भाऊबंद.

खोळ आणि हाड हा फरक पोळ्याच्या आधी हातात घेऊन बघता येतो. शिंगं साळताना बारीक पापुद्रे निघतात ती खोळ, तिला रक्त नाही, बैलाला दुखत नाही. पण हौसेनं जास्त खोल गेलं, बुडाजवळ, तर रक्त येतं, कारण आतल्या हाडाला रक्तपुरवठा असतो आणि मोठ्या जनावरात ते हाड आतून पोकळ, कपाळाच्या सायनसला जोडलेलं असतं. म्हणूनच शिंग बुडातून मोडलं की कधीकधी नाकातून रक्त येतं. हेच शिंगाच्या कॅन्सरमध्ये पण दिसतं, देशी बैलात हा आजार बराच आढळतो: शिंग एका बाजूला कललेलं, बैल डोकं सारखं झटकतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त. असं दिसलं तर भिलावा लावत बसू नका, डॉक्टरला दाखवा, वेळेत शिंग काढलं तर जनावर वाचू शकतं.

मादीला शिंग आहे का, हा पुढचा प्रश्न. गाय, म्हैस: असतं. चिंकारा: मादीला पण असतं, बारीक आणि आखूड. काळविटाच्या मादीला सहसा नसतं. रोहीच्या आणि चौसिंग्याच्या मादीला नसतंच. ही एवढी ओळ पाठ केली तरी माळावरचं निम्मं काम झालं.

तिसरं, तोंड आणि पोट

शेळीचं तोंड उघडून बघा, चावत नाही. वरच्या जबड्यात पुढं दातच नाहीत, टणक हिरडीचा पट्टा आहे. खाली पुढं आठ दात. गवत ह्या दोघांमध्ये धरून झटक्यानं तोडायचं, गाय तर त्याआधी जिभेनं घास वेढून घेते. बाजारात दलाल खालचे दात बघूनच वय सांगतात: आदत म्हणजे अजून दुधाचेच दात, मग दोन दाती साधारण दोन-अडीच वर्षांचा, मग चार दाती, सहा दाती, आणि आठही पक्के आले की जुळला. देशी जनावरात हे थोडं उशिरानं होतं, संकरितात लवकर. उदगीर तालुक्यातल्या हाळीच्या बाजारात एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या मागं मागं हिंडून हे शिका, व्हिडिओ बघून येत नाही.

पोटाचे कप्पे चार: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. कोठीपोट मोठ्या गाईत शंभर लिटरच्या पुढं असतं आणि ते सगळं डावीकडं. तिथं जिवाणू, आदिजीव आणि बुरशी राहतात, गवतातलं सेल्युलोज तेच फोडतात, गाईला स्वतःला ते जमत नाही. त्यातून निघालेली आम्लं ही गाईची ऊर्जा, आणि पुढं खऱ्या पोटात गेल्यावर तेच जिवाणू पचून तिला प्रथिनं मिळतात. म्हणजे आपण कडबा टाकतो जिवाणूंना, आणि गाय जगते जिवाणूंवर. घोडा हेच काम मागच्या आतड्यात करतो आणि रवंथ करत नाही, म्हणून लीद हातात घेतली तर गवताच्या काड्या तशाच दिसतात, शेणात तेवढ्या दिसत नाहीत. डुकराचं खूर दुभंगलेलं आहे पण रवंथ नाही, त्यामुळं एका खुणेवर विसंबून राहायचं नाही.

नवख्या माणसानं एक गोष्ट करून बघावी. निरोगी गाईच्या डाव्या भकाळीत (बरगड्यांच्या मागचा खळगा) मूठ हलकी दाबून दोन मिनिटं उभं राहा. मूठ आतून ढकलल्यासारखी वर येते, दोन मिनिटांत साधारण दोन-तीन वेळा. ते कोठीपोट घुसळतंय. हे बंद पडलं, भकाळी ढोलासारखी फुगली, रवंथ थांबला, की समजायचं काहीतरी बिनसलंय. लग्नातलं उरलेलं अन्न किंवा घमेलंभर ज्वारीचे दाणे एकदम खाल्ले की तिथलं आम्ल वाढून जनावर दगावतं, लोकांना वाटतं कुणी काही खाऊ घातलं. कोवळ्या, पाण्याच्या ताणाखालच्या ज्वारीची किरळ लागते ती वेगळी, तिच्यात सायनाइडचं विष असतं आणि तिथं वेळ अजिबात नसतो. आणि तारेचा तुकडा, खिळा गिळला तर तो जाळीपोटात अडकतो, जे हृदयाच्या अगदी जवळ आहे, म्हणून गोठा बांधून झाला की खाली पडलेली बाइंडिंग वायर वेचून काढा, हे मी सगळ्यांना सांगत असतो आणि कुणी ऐकत नाही.

आता नाती लावू

इतकं कळलं की नावं जड जात नाहीत. सगळ्या सम खुरवाल्यांचा गण आर्टिओडॅक्टिला. त्यात पोकळ, न गळणाऱ्या शिंगांचं कुटुंब बोव्हिडी. ह्यात साधारण १४० जाती धरतात, पण ग्रोव्ह्ज आणि ग्रब ह्या दोन शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये बारीक फरक धरून त्या २७९ केल्या, त्यावर अजून वाद आहे, आपण त्यात पडायचं नाही. नवीन मोठी जात सापडायची पण बंद झाली नाहीये बरं का, व्हिएतनामच्या जंगलातला साओला शास्त्राला १९९२ मध्ये कळला, म्हणजे आपल्यातले बरेच जण त्याच्या आधी जन्मलेले.

बोव्हिडीच्या दोन मोठ्या फांद्या. एकीकडं गाय, म्हैस, गवा, याक आणि त्यांच्याच बाजूला रोही आणि चौसिंगा. दुसरीकडं काळवीट, चिंकारा, शेळी, मेंढी आणि आफ्रिकेतली बरीचशी कळपानं राहणारी जनावरं. आता नीट वाचा: रोही म्हशीच्या बाजूला, काळवीट शेळीच्या बाजूला. इंग्रजी पुस्तकात दोघांनाही अँटिलोप म्हणतात, पण तो एका घराण्याचा गट नाहीच, गाय-म्हैस आणि शेळी-मेंढी बाजूला काढल्यावर जे उरलं त्या सगळ्याला ते नाव दिलंय. म्हणून ग्रुपवरच्या भांडणाचं उत्तर असं की रोही गाय नाही, घोडा तर नाहीच नाही, पण काळवीट आणि गाय ह्यातलं तिला जवळचं कोण विचाराल तर गाय. त्या बाजूनं बोलणारा माणूस अर्धा बरोबर असतो.

जाती वेगळ्या म्हणजे नेमकं काय, तर गुणसूत्रं बघा: गाय ६०, आपली नदीकाठची म्हैस ५०, शेळी ६०, मेंढी ५४. हल्या (रेडा) गाईवर गेला तरी गाभ राहत नाही. पण देशी गाय आणि जर्सी, एचएफ (होल्स्टिन) ह्या विदेशी गाई ह्यांचा संकर होतो आणि पुढंही चालतो, कारण दोन्हीही मुळात ऑरॉक्स नावाच्या आता संपलेल्या रानगुरांपासून आलेत, फक्त माणसाळवले वेगवेगळ्या ठिकाणी: वशिंड नसलेली पश्चिम आशियात दहा हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास, वशिंडाची सिंधूच्या बाजूला, आठेक हजार वर्षांपूर्वी. वशिंड आणि गळ्याची लोंबती पोळी दिसली की ती आपल्या बाजूची.

माळावर कोण कोण दिसतं

रोही: सगळ्यात मोठं. नर निळसर राखाडी, दोनशे किलोच्या पुढं जातो, शिंगं मात्र अंगाच्या मानानं हास्यास्पद, वीतभर. मादी बदामी. खांदा उंच आणि पाठ मागं उतरती, त्यामुळं लांबून घोडा वाटतो. गळ्याला पांढरा डाग, गालावर पांढरे ठिपके, नराच्या गळ्याला केसांचा झुपका. एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतात, बांधावर मोठा ढीग दिसला की समजा. जुळी बऱ्याचदा होतात, म्हणून संख्या पटकन वाढते. अमेरिकेत टेक्सासला हौस म्हणून नेऊन सोडलेत, तिथं पण आता भरपूर झालेत.

काळवीट: नराची शिंगं पिळाची, वय वाढेल तसे पीळ वाढतात, रंग पण वयानं गडद होत जातो, त्यामुळं कळपात तपकिरी नर दिसला तर तो वेगळी जात नाही, पोरगा आहे. डोळ्याभोवती पांढरं कडं. डोळ्याच्या पुढं एक ग्रंथी असते, तिचा वास तो काटक्यांना, गवताला घासून ठेवतो. माळावर एकटाच नर मान मागं टाकून लेंड्यांच्या ढिगापाशी उभा असेल तर तो आपली हद्द राखतोय, आजारी नाही. गुजरातेत वेळावदरला तर असे कितीतरी नर जवळजवळच्या हद्दी धरून एकाच मैदानात उभे राहतात आणि माद्या येऊन निवड करतात.

चिंकारा काळविटापेक्षा लहान, वीसेक किलोचा, तोंडावर डोळ्यापासून नाकाकडं गडद पट्टा, शेपटी काळी आणि सारखी हलती. बरड, खडकाळ, काटेरी भागात, एकेकटा नाहीतर दोन-चारच्या टोळीत. पाणी नसलं तरी बराच काळ काढतो, दुष्काळी पट्ट्याला शोभणारं जनावर. आणि ह्याची शास्त्रीय नोंद आपल्याच दख्खनमधून झालीय: कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी इथं पाहणीला हिंडत होता, त्यानं १८३१ मध्ये त्याचं वर्णन छापलं, अजून नावापुढं साइक्सच लावतात.

चौसिंगा उघड्या माळावर शोधू नका, तो झाडीच्या डोंगराळ भागातला आणि पाण्याजवळ राहणारा, लाजाळू. नराला चार शिंगं, पुढची दोन अगदी बोटाच्या पेरांएवढी. चार शिंगांचं रानटी जनावर जगात दुसरं नाही.

बघायला कुठं जायचं? राखीव जंगलात जाऊन बघायचं असेल तर कन्नड-चाळीसगाव बाजूचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, धाराशिवकडं येडशी रामलिंग घाट, बीडमध्ये नायगाव. पण खरं सांगू का, रोही आणि काळविटासाठी पहाटे कुठल्याही ओळखीच्या शेतकऱ्याच्या आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) जाऊन बसलात तर जास्त दिसतील. फक्त त्याच्या हरभऱ्याचं काय झालंय हे आधी विचारा, मग "किती सुंदर" म्हणा.

गोठ्यात

देवणी गाय बघायला लातूर जिल्हा, देवणी तालुका. तिचे तीन प्रकार म्हातारी माणसं लांबून सांगतात: वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंड काळसर, बालंक्या म्हणजे वरून पांढरी आणि पोटाखाली काळे ठिपके, शेवरा म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे वेडेवाकडे डाग. लाल कंधारी नांदेडच्या कंधारची, गडद लाल, शेतकामाला चिवट. मराठवाडी म्हशीची शिंगं मानेला समांतर मागं जातात आणि खांद्यापाशी थांबतात, पंढरपुरीची त्याच्या पुढं तलवारीसारखी लांब. उस्मानाबादी शेळी बहुतेक काळी, जुळी देण्यात पुढं.

शेळी-मेंढीत घोळ होतो लोकर कातरल्यावर. शेपटी बघा: शेळीची वर, मेंढीची खाली. बोकडाला दाढी आणि तो वास. मेंढीच्या चारही पायांत दोन खुरांच्या मध्ये एक ग्रंथीचं छिद्र असतं, कळपातल्या कुठल्याही धनगर दादांना विचारा, दाखवतील.

हे सगळं कळून उपयोग काय

लाळ्या खुरकूत दुभंगलेल्या खुरांच्या सगळ्यांना होतो, गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, रानातली रोही पण, घोड्याला नाही. लम्पी मुख्यतः गाईला, काही प्रमाणात म्हशीला, शेळीला नाही, २०२२ मध्ये किती जणांनी घाबरून शेळ्या विकायला काढल्या. पीपीआर, म्हणजे शेळ्यांचा प्लेग, हा शेळ्या-मेंढ्यांचा. मंगोलियात २०१६-१७ मध्ये ह्याच पीपीआरनं सायगा नावाचे हजारो रानटी प्राणी मेले, आणि सायगा कुठल्या फांदीवरचा? शेळी-काळविटाच्याच. तसंच गाईचं खनिज मिश्रण मेंढीला बिनधास्त टाकू नका, मेंढीला तांबं सोसत नाही, शेळीला मेंढीपेक्षा बरंच सोसतं. नात्यानं जवळ असून इतका फरक.

माळावर जाताना

दुर्बीण असेल तर घ्या, नसेल तर मोबाईलचा झूम चालतो. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूनं जा, म्हणजे तुमचा वास त्यांच्याकडं जाणार नाही. वहीत पाच गोष्टी लिहा: खूर, शिंग आहे का आणि कसं, मादीला होतं का, अंगावरचे पांढरे डाग, लेंड्यांची जागा. नाव शेवटी लिहा. गाडी घेऊन पाठलाग करून रील काढू नका, काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास पळतो पण जास्त वेळ नाही, त्यानं दम टाकतो, गाभण मादीचं तर विचारूच नका. माळावर पडलेलं शिंग घरी आणून भिंतीला लावणं पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकवतं, फोटो काढा आणि तिथंच ठेवा.

गवतात एकटं पिल्लू दबून बसलेलं दिसलं तर उचलू नका, ते हरवलेलं नाही. काळविटाची मादी पिल्लाला सुरुवातीचे दिवस असंच लपवून लांब चरते आणि दूध पाजायला येते, तुम्ही तिथं उभे असाल तोवर येणार नाही. विहिरीत पडलेलं किंवा कुत्र्यांनी धरलेलं असेल तर वन विभागाचा १९२६ नंबर लावा, गोठ्यातल्या जनावरासाठी १९६२. फोनवर गाव, शिवार, जवळची खूण सांगा, आणि जनावराला शिंगं आहेत का, पिळाची का सरळ, ते पण सांगा, येणारा माणूस त्या हिशोबानं जाळी आणि दोर घेऊन येतो.